पित्तनलिकेतील खडा : लहान छेद, मोठा निर्णय

उजव्या कुशीत, बरगडीखाली दुखू लागले की त्याला वाताचे दुखणे म्हणावे, ओवा-सैंधव चघळावे आणि पेढीवर जाऊन बसावे, हा व्यापारी कुटुंबांतील जुना परिपाठ आहे. घरातील स्त्रियांचा परिपाठ याहून कठोर. त्या दुखण्याचा उच्चारही करीत नाहीत. कळ बहुधा तासा-दोन तासांत शमते, माणूस ती विसरतो आणि रोग मात्र आपल्या जागी राहतो. पित्ताशयातील खड्यांच्या बाबतीत ही दिरंगाई कित्येकांना वर्षानुवर्षे पचते. परंतु तोच खडा पित्ताशयातून निसटून पित्तनलिकेत उतरला, की सारा हिशेब बदलतो. हा बदल कोणता आणि त्यावर आज उपलब्ध असलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया नेमके काय साधते, हे प्रत्येक घरात माहीत असणे आवश्यक आहे.

यकृत दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक पित्त तयार करते. त्यातील काही भाग यकृताखाली लोंबणाऱ्या पित्ताशयात साठतो आणि तेथे आटून दाट होतो. पित्ताशयाची पिशवी लहानशी, तीस ते पन्नास मिलिलिटर मावेल एवढी. तुपातेलाचे अन्न पोटात गेले की ही पिशवी आकुंचन पावते आणि पित्त नलिकेवाटे लहान आतड्यात सोडते. पित्तातील कोलेस्टेरॉल आणि इतर द्रव्ये यांचा तोल ढळला, किंवा पित्त फार काळ साचून राहिले, की त्याचे कण जमतात आणि खडे बनतात. मुख्य पित्तनलिकेची लांबी सुमारे सहा ते आठ सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम सहा मिलिमीटर. तिचे खालचे तोंड तर याहूनही अरुंद आणि स्नायूच्या कड्याने आवळलेले असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर पित्ताशय हे गोदाम आहे आणि पित्तनलिका हा पेठेतून बाहेर पडणारा एकमेव रस्ता. गोदामात एखादे पोते पडून राहिले तर जागा अडते एवढेच. रस्त्यात गाडी आडवी झाली तर सारी पेठ ठप्प होते.

पित्ताशयात खडे असलेल्या ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया होते, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे दहा ते पंधरा जणांच्या नलिकेतही खडे आढळतात. नलिका अडली की तीन संकटे संभवतात. पहिले काविळीचे : डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो आणि अंगाला खाज सुटते. दुसरे संकट जंतुसंसर्गाचे. साचलेल्या पित्तात जंतू वाढतात, थंडी वाजून ताप भरतो आणि विष रक्तात भिनू लागते. पोटदुखी, थंडीताप आणि कावीळ ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर तासांचा हिशेब करावा, दिवसांचा नव्हे. तिसरे संकट स्वादुपिंडाचे. त्याची नलिका पित्तनलिकेबरोबरच आतड्यात उघडते. तेथे खडा अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते आणि ती कधी कधी प्राणांवर बेतते.

सांगलीच्या हळदपेठेतील एका अडत दुकानदारांच्या घरी घडलेली हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. घरातील कर्त्या पुरुषाला सारी पेठ अण्णा म्हणते. त्यांच्या पत्नीला घरातली लहानथोर मंडळी अक्का म्हणतात. अक्कांच्या पित्ताशयात खडे असल्याचे दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत दिसले होते आणि डॉक्टरांनी पिशवी काढून टाकण्याचा सल्लाही दिला होता. पहिल्या वर्षी मुलीचे लग्न निघाले. पुढच्या वर्षी चातुर्मास आला, दशलक्षण पर्वातील उपवास आले, मागोमाग दिवाळीचे वहीपूजन आले. फाल्गुनात पुन्हा कळ आली तेव्हा हळदीचे सौदे ऐन भरात होते. “एवढे सौदे उरकू देत, मग बघू,” असे अक्काच म्हणाल्या. अण्णांनाही ते सोयीचे वाटले.

हळदीच्या पेठेत पिवळा रंग कोणाच्या चटकन डोळ्यांत भरत नाही. अक्कांच्या डोळ्यांचा रंग प्रथम माहेरी आलेल्या लेकीने ओळखला. तरीही चार दिवस एका गावठी वैद्याच्या मुळीत गेले; काविळीवर हेच औषध, अशी शेजाऱ्यांची ग्वाही होती. पाचव्या रात्री अक्कांना हुडहुडी भरली. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील बिलीरुबिन नऊवर पोहोचले होते. निरोगी माणसात ते एकच्या आसपास असते. एमआरसीपी या चुंबकीय तपासणीत नलिका फुगलेली आणि तिच्यात दोन खडे दिसले. त्यांतील एक मोठ्या हरभऱ्याहूनही मोठा, सुमारे अठरा मिलिमीटरचा होता.

थोरल्या मुलाचा आग्रह होता, आईला तत्काळ पुण्याला हलवावे. धाकट्याचे म्हणणे होते, ताप उतरू द्यावा. दोघांचे ऐकून घेऊन सर्जन म्हणाले, “अण्णा, आज शस्त्रक्रिया करायची नाही. आज फक्त वाट मोकळी करायची. खड्याचे नंतर बघू.” तोंडातून दुर्बीण घालून, आतड्यात उघडणाऱ्या नलिकेच्या तोंडाशी पोहोचण्याची ईआरसीपी ही प्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. नलिकेचे तोंड किंचित रुंद करताच तुंबलेले गढूळ पित्त बाहेर पडले. लहान खडा निघाला, मोठा हलेना. तेव्हा पित्त वाहते राहावे म्हणून नलिकेत प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवण्यात आला. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. दोन आठवड्यांनी, प्रकृती सावरल्यावर, दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून मोठा खडा आणि पित्ताशय एकाच वेळी काढण्यात आले. पाचव्या दिवशी अक्का घरी आल्या. तो खडा आज एका लहान बाटलीत अण्णांच्या गल्ल्यात आहे. दुकानात आलेला एखादा शेतकरी पोट धरून बसला, की अण्णा भाव सांगण्याआधी ती बाटली त्याच्यापुढे ठेवतात.

ही शस्त्रक्रिया आज तालुक्याच्या नाही तरी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते, यामागे शतकाहून अधिक काळाचे परिश्रम आहेत. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी 15 जुलै 1882 रोजी बर्लिनमध्ये केली. त्यानंतर शंभर वर्षे मार्ग एकच होता : बरगडीखाली वीतभर छेद, पंधरवड्याची खाट आणि पुढे दीड-दोन महिने वजन उचलायचे नाही. 1974 साली जर्मनीत आणि जपानमध्ये, पोट न उघडता, तोंडावाटे नलिकेचे तोंड कापून खडे काढण्याची पद्धत सुरू झाली. मग 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीतील बोब्लिंगेन या गावी एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. पुढच्या वर्षी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांच्या वाट्याला कौतुकाऐवजी अवहेलना आली. त्याच संस्थेने 1992 साली त्यांचा गौरव केला. दरम्यान 1987 साली फ्रान्समधील लियॉन येथे फिलिप मूरे यांनी अशीच शस्त्रक्रिया केली आणि तेथून ही पद्धत जगभर पसरली.

भारतात या शस्त्रक्रियेचा आरंभ 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांच्या हातून झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. सरकारी रुग्णालयात, सामान्य रुग्णांसाठी हे तंत्र त्यांनी आणले यालाही अर्थ आहे. लहान छेद ही श्रीमंतांची चैन नाही. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याला लवकर कामावर परतण्याची गरज अधिक असते, अशी त्यांची भूमिका होती. 2017 साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. पित्ताशयाची पिशवी दुर्बिणीने निघू लागल्यावर नलिकेतील खड्यांकडे शल्यविशारद वळले आणि 1990 नंतरच्या काही वर्षांतच तेही साध्य झाले. पिशवी काढून टाकायची असते. नलिका मात्र उघडून, स्वच्छ करून, पुन्हा शाबूत ठेवायची असते. म्हणून हे काम अधिक कौशल्याचे ठरते.

शस्त्रक्रियेची रीत समजून घेतल्यास तिची भीती बरीच कमी होते. रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून आत काम करण्यापुरती पोकळी निर्माण करतात. पाच ते दहा मिलिमीटरचे चार-पाच छेद घेऊन त्यांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची अवजारे आत जातात. सर्जन पडद्यावर पाहून काम करतात. नलिकेत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. खडे लहान आणि थोडे असतील, तर पित्ताशयाला मुख्य नलिकेशी जोडणाऱ्या बारीक नळीतूनच आत शिरता येते आणि मुख्य नलिकेला धक्काही लागत नाही. खडे मोठे किंवा अनेक असतील आणि नलिका फुगलेली असेल, तर तिच्यावर लहानसा उभा छेद घेतात. मग तीन ते पाच मिलिमीटर जाडीची लवचीक दुर्बीण नलिकेत सोडून खडा प्रत्यक्ष पाहिला जातो आणि तारेच्या जाळीदार टोपलीत धरून बाहेर ओढला जातो. काही वेळा फुग्याने ढकलून किंवा पाण्याच्या झोताने खडे काढतात. फार कठीण खडा लेसरने फोडतात. एकही खडा मागे राहिला नाही याची खात्री झाल्यावर नलिका बारीक टाक्यांनी शिवतात. पूर्वी तिच्यात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी ठेवून पित्त काही आठवडे बाहेरच्या पिशवीत घेत असत. अनुकूल स्थितीत आता तिची गरज पडत नाही.

येथे एक प्रश्न प्रत्येक कुटुंबासमोर उभा राहतो. आधी ईआरसीपी करून नलिका मोकळी करावी आणि काही दिवसांनी पित्ताशय काढावे, की दोन्ही कामे एकाच शस्त्रक्रियेत उरकावीत? खडे पूर्ण निघण्याच्या बाबतीत दोन्ही मार्ग साधारणतः सारखेच यशस्वी ठरले आहेत. एकाच बैठकीत काम झाले तर रुग्णालयातील वास्तव्य कमी होते आणि नलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूही शाबूत राहतो. ईआरसीपीत काही रुग्णांना स्वादुपिंडाच्या सुजेचा त्रास होतो. नलिकेवरील शस्त्रक्रियेत टाक्यांतून पित्त झिरपण्याचा संभव असतो. मात्र रुग्णाला जंतुसंसर्ग झाला असेल, वय फार असेल किंवा हृदय दुर्बल असेल, तर आधी ईआरसीपी करून वाट मोकळी करणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. दुर्बिणीने नलिका उघडण्याचा सराव असलेले सर्जन सर्वत्र नसतात, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणून कोणता मार्ग श्रेष्ठ, यापेक्षा या रुग्णाला, या रुग्णालयात, या हातांत कोणता मार्ग सुरक्षित, हा प्रश्न अधिक योग्य आहे. आणि क्वचित प्रसंगी सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात, त्यास अपयश समजू नये. तो रुग्णाच्या जिवासाठी घेतलेला निर्णय असतो.

काही गैरसमज घराघरांतून दूर व्हावयास हवेत. मूतखडा पाणी पिऊन पडतो म्हणून पित्ताचा खडाही पडेल, ही समजूत चुकीची आहे. दोहोंच्या वाटा पूर्णतः वेगळ्या आहेत. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट गोळे पडतात, ते खडे नसून त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात. खडे विरघळवणारी गोळी पित्ताशयातील काही लहान खड्यांवर महिनोन्‌महिने घेतल्यास उपयोगी पडू शकते. नलिका अडवून बसलेल्या मोठ्या खड्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. कावीळ म्हणजे एकच रोग, हीही समजूत सोडावी. विषाणूंनी होणारी कावीळ विश्रांतीने उतरू शकते. खड्याने अडलेली वाट विश्रांतीने मोकळी होईल, या आशेवर बसता येत नाही. साध्या सोनोग्राफीत पित्ताशयातील खडे चांगले दिसतात, पण नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातील हवेमुळे लपून राहू शकतो. म्हणून अहवालात खडा नाही आणि डोळे मात्र पिवळे आहेत, अशा वेळी पुढील तपासणीला नकार देऊ नये.

जैन कुटुंबांत या आजाराच्या संदर्भात आणखी काही प्रश्न उद्भवतात आणि संकोचापायी ते विचारलेच जात नाहीत. दीर्घ उपवासात पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि पित्त साचून दाट होते. झपाट्याने वजन घटल्यासही खडे होण्याचा संभव वाढतो. ज्यांच्या पित्ताशयात खडे असल्याचे आधीच ठाऊक आहे, त्यांनी अनेक दिवसांच्या उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. रात्रीभोजनत्यागाचा नियम असणाऱ्यांनी तो दाखल होतानाच सांगावा. पुष्कळ औषधे शिरेवाटे देता येतात, काहींच्या वेळा दिवसा बसवता येतात. अक्कांच्या बाबतीत तसेच झाले. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते; त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मिळेल का, हे विचारता येते. पूर्वी शरीरात विरघळणारा टाक्यांचा धागा प्राण्यांच्या आतड्यापासून बनत असे. आता कृत्रिम धागे सर्वत्र वापरात आहेत. असे प्रश्न वेळेवर आणि विनयाने विचारले तर डॉक्टर त्यांचा मान राखतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेताना ते विचारण्यात अर्थ नसतो.

पैशाची बाजूही वेळीच पाहावी. अनेक आरोग्यविमा पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांवरील शस्त्रक्रियेसाठी पॉलिसी घेतल्यापासून ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो. म्हणून दुखणे सुरू झाल्यावर विमा शोधण्यापेक्षा निरोगी असतानाच तो घ्यावा आणि त्याची मुदत खंडित होऊ देऊ नये. खडे असल्याचे ठाऊक असेल तर प्रस्तावपत्रात ते लिहावे. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी अडथळा होते. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडल्यास इतर खर्चांतही कपात होऊ शकते, हेही कलम वाचून ठेवावे. दोन टप्प्यांत उपचार होणार असतील, तर दोन्ही टप्प्यांचे अंदाजपत्रक आधीच मागावे. आणि स्टेंट बसवला असेल, तर तो काढण्याची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावी. बरे वाटू लागले की स्टेंट विसरला जातो. महिनोन्‌महिने राहिलेला स्टेंट तुंबतो, त्याच्याभोवती पुन्हा खडे जमतात आणि पुन्हा थंडीताप येतो. हुंडीची मुदत जशी वहीत लिहिली जाते, तशी ही तारीखही वहीत लिहिलेली असावी.

शस्त्रक्रियेनंतर पित्ताशयावाचून माणूस उत्तम जगतो. यकृत पित्त तयार करीतच असते आणि ते सरळ आतड्यात उतरते. प्रारंभी काही दिवस तुपातेलाचे जड जेवण सोसत नाही, हळूहळू सारे पूर्ववत होते. मात्र पुन्हा कधी डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला किंवा तीच जुनी कळ उठली, तर पित्ताशय काढले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नलिकेत मागे राहिलेला किंवा नव्याने झालेला खडा काही रुग्णांत आढळतो.

पोटावर राहणारे व्रण बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतात, म्हणून शस्त्रक्रियाही क्षुल्लक आहे असे मानणे योग्य नाही. छेद लहान असला तरी आतील काम पूर्वीइतकेच नाजूक आहे. ते निर्विघ्न पार पडावयाचे असेल, तर रुग्ण तापाने फणफणत येण्यापूर्वी, स्वस्थ शरीराने यावयास हवा. खडा पित्ताशयात आहे आणि दुखू लागला आहे, तोवर निर्णय कुटुंबाच्या हाती असतो. तो नलिकेत उतरल्यावर दिवस आणि वेळ खडा ठरवतो. सौद्यांचा हंगाम दरवर्षी येतो आणि पर्वही दरवर्षी येते. घरातील आई, वहिनी किंवा आजी कुशीला हात लावून क्षणभर थांबली, तर तिने सांगण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तिची तपासणी करून घ्यावी.